कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? आधी एवढंच बघा

फॉरमॅट मारायची घाई करू नका. बिघाड हार्डडिस्कचा असेल तर फॉरमॅटनं तो जात नाही, फोटो-कागदपत्रं मात्र जातात. म्हणून आधी फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या.

मग कधी अडकतो ते बघा.

- गेम किंवा व्हिडिओ लावल्यावर थोड्या वेळानं: बहुधा तापतोय. खानापूरकडची तांबडी धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांत घट्ट बसते. पंखा फिरतो, पण हवा आरपार जात नाही. प्लग काढा, पंखा बोटानं धरून ठेवा आणि मऊ ब्रशनं झाडा. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका.
- फाईल उघडताना: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काही चालू नसतानाही डिस्क १०० टक्क्यांवरच राहत असेल तर हार्डडिस्कवर संशय घ्या. टकटक आवाज येत असेल तर बदलाच, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला.
- कधीही, कशानंही: बहुधा रॅम, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची पट्टी. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या ओलीनं तिचे संपर्क खराब होतात. प्लग काढून रॅम बाहेर काढा, तिची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच पुसा, क्लिप टक् वाजेपर्यंत दाबून बसवा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेकच लावून चालवून बघा.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही. बायोसला (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) सध्या हात लावू नका. हे सगळं तुम्हाला घरबसल्या नक्की जमेल.