मोबाइलमधलं गाणं बाळासाठी थांबत नाही

लहान मुलांसाठीच्या 'शैक्षणिक' गाण्यांच्या व्हिडिओंबद्दल या वेळी इतके प्रश्न आले, की बाकीचे विषय पुढच्या खेपेला ढकलले.

माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. मोबाइलवर बडबडगीतं लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. बंद केलं की वाटीतलं खिमट तसंच राहतं. काय करू?
(एक आई, चिंचवड)

ती तोंड उघडते ते गाण्याला, घासाला नाही. पोट भरलं की बाळ मान फिरवतं, ओठ मिटतं. पडद्याकडे डोळे लागले की या खुणाच बंद होतात. मग भरलं किती हे ना तिला कळत, ना तुम्हाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०२१ मध्ये दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको असं सांगितलं. सूट फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलची.

आधी दुपारचं एकच जेवण मोबाइलशिवाय करा. तिला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, थोडं खिमट तिच्या ताटलीत घाला आणि सांडू द्या. सुरुवातीचे काही दिवस रडारड होईल, चार घास कमी जातील. एरवी बाळ खेळतंय, वजन नीट वाढतंय, तर घाबरू नका. वजन अडलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

नातू चार महिन्यांचा आहे. मुलगा-सून त्याला मोझार्टचं संगीत आणि काळ्या-पांढऱ्या आकृत्यांचे व्हिडिओ लावून देतात. बुद्धी वाढते म्हणे. खरं का?
(एक आजोबा, सातारा)

काका, ही गोष्ट मजेशीर आहे. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. त्यात ३६ जण होते आणि सगळे कॉलेजातले. दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर त्यांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात बाळ एकही नव्हतं! तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची कॅसेट किंवा सीडी देण्यासाठी पैसे मागितले. त्याच सुमारास 'बेबी आइन्स्टाइन'चे व्हिडिओ घरोघरी गेले. ती कंपनी २००१ मध्ये डिस्नेनं घेतली आणि २००९ मध्ये त्यांनी ग्राहकांना पैसे परत घेण्याची मुभा दिली.

काळं-पांढरं तान्ह्या बाळाला ठळक दिसतं, हे खरं. पण तुमच्या भुवया, डोळे, केसांची कड यांतही ते आहेच, आणि चेहरा उलट हसतो. तुम्ही भजन म्हणत असाल तर तेच म्हणा, सूर हलला तरी हलू दे. मॉन्ट्रियलमधल्या एका प्रयोगात सात ते दहा महिन्यांची बाळं गाणं ऐकताना साधारण नऊ मिनिटं शांत राहिली, नुसतं बोलणं ऐकताना त्याच्या निम्मीच. गाणं तुर्की भाषेतलं, बाळांना अनोळखी होतं. आणि ते फक्त ऐकवलं होतं, दाखवलं नव्हतं.

मुलगा सव्वादोन वर्षांचा. व्हिडिओ बघून ए टू झेड, रंग, वीसपर्यंत आकडे इंग्रजीत म्हणतो. पण पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो, 'पाणी' म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात.
(एक आई, नांदेड)

हे पत्र मी सगळ्यात आधी बाजूला काढलं. ए टू झेड म्हणणं म्हणजे पाठांतर. 'आई, पाणी' हे दोन शब्द जोडून मागणं म्हणजे भाषा, आणि दोन वर्षांपर्यंत ते यायला हवं. मुलगे जरा मागे असतात, पण तो फरक एखाद-दोन महिन्यांचा, वर्षाचा नव्हे.

घरी तीन गोष्टी बघा. मागून नावानं हाक मारल्यावर वळतो का? विमान, कुत्रा दिसल्यावर बोट दाखवून मग तुमच्या तोंडाकडे बघतो का? हात ओढताना तुमच्याकडे बघतो, की फक्त हाताकडे? उत्तरं काहीही असोत, आधी कान तपासून घ्या. गाणी म्हणतो म्हणजे ऐकू नीट येतं, असं गृहीत धरू नका. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, ही तपासणी मोफत होते. मुंबईला येणार असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिसऱ्या वाढदिवसाची वाट पाहू नका. 'तूच मोबाइल दिलास म्हणून झालं' असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका, ते सिद्ध झालेलं नाही. व्हिडिओ तेवढे बंद करा, कारण त्या वेळात त्याच्याशी बोलायचं आहे.

आम्ही डब्लिनला असतो. दहा महिन्यांच्या बाळाला रोज मराठी बडबडगीतं दाखवते. मराठी येईल ना?

नुसत्या दाखवण्यानं नाही. सिअॅटलमध्ये २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली गेली. ज्यांच्यासमोर माणूस बसून बोलला, खेळला, त्यांना त्या भाषेतले वेगळे उच्चार ओळखता आले. ज्यांना तेच डीव्हीडीवर दाखवलं, त्यांच्या पदरी काहीच पडलं नाही.

यामागचं कारण मला आमच्या क्लिनिकमध्ये नेहमी दिसतं. तेरा महिन्यांची एक मुलगी होती. बाबा तिच्या तळहातावर बोट टेकवून मोराला बसवत होते. चारा झाला, पाणी झालं, आणि 'भुर्र'च्या अलीकडे मी त्यांना थांबायला सांगितलं. तीन-चार सेकंद गेले, बाबा ओशाळले. मुलीनं आधी तळहाताकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे, आणि दोन्ही हात वर उडवले. व्हिडिओतला मोर तिनं हात उचलो न उचलो, ठरल्या वेळी उडून जातो.

म्हणून गाणी तुम्ही शिका, व्हिडिओ तुमच्यासाठी. आणि आजीला व्हिडिओ कॉलवर घ्या. ती पडद्यावर असली तरी बाळासाठी थांबते.

तीन वर्षांच्या मुलीला थोडा वेळ दाखवायचंच, तर निवडायचं कसं?

आवाज बंद करून दोन मिनिटं स्वतः बघा. दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलत असेल तर सोडून द्या. दिवसाला तासाच्या आत, ऑटोप्ले बंद, मोबाइलपेक्षा टीव्ही बरा. आणि तेच गाणं आंघोळीच्या वेळी म्हणताना मुद्दाम एखादा शब्द चुकवा. ओरडून दुरुस्त करते का, बघा.