जप्ती पुडीची, पोराची नाही

पोरी,

तुझा फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा, खिशात दीड ग्रॅम एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पूड. तू गुन्हा नोंदवून, नोटीस देऊन त्याला घरी पाठवलंस. आणि साहेब म्हणाले, "आत टाकायचा होता, अटकेचा आकडा झाला असता." आता तू मला विचारतेस, चुकलं का?

अगं, कायद्याचं पुस्तक तुझ्याच टेबलावर आहे! एमडीची अल्प मात्रा २ ग्रॅमपर्यंत. शिक्षा एक वर्षापर्यंतची. अटक केलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३), अटकेऐवजी हजर राहायची नोटीस, त्याचसाठी आहे. जप्ती पुडीची करायची, पोराची नाही.

१९९७ साली, वर्दीत असताना, मी जप्ती पोराचीच केली. चिमूटभर ब्राउन शुगर. लॉकअपमध्ये टर्की लागली, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग तुटायला लागलं, रात्रभर भिंतीवर पाय आपटत होता. मी शेजारी बसून पंचनामा सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. आत गेला तेव्हा पुडी देणारा एक जण त्याच्या ओळखीचा होता. सुटला तेव्हा चार होते. पुढच्या पावसाळ्यात पुलाखाली सापडला. ओळख पटवायला आई आली, तिने आधी मला ओळखलं.

वरून दट्ट्या होता, सगळेच करत होते, हे खोटं नाही. माझ्या जागी दुसरा असता तर त्यानेही तेच केलं असतं. पण एनडीपीएसचं, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम ६४-अ तेव्हाही होतं. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर खटल्यापासून संरक्षण. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं होतं. मी त्याला एक अक्षर सांगितलं नाही. आरोपीला वाट दाखवणं आपलं काम नव्हे म्हणे!

आणि तूही सांगितलं नाहीस. म्हणजे पुडी जप्त केलीस, पोरगा मात्र वाऱ्यावर सोडलास.

अमेरिकेतल्या सिएटलचं सांगत होतीस. २०११ पासून तिथले पोलीस असल्या माणसाला कोठडीऐवजी थेट मदत करणाऱ्या समाजकार्यकर्त्याच्या हवाली करतात, आधी नशा सोड अशी अटही घालत नाहीत. आपल्याकडे का नाही, हे भाषणात विचार. तुझ्या हातात नोटीस आहे, ६४-अ आहे, तेवढं तरी वापर.

नुसतं "जा रे" म्हणून मात्र कुणाला सोडू नकोस. मी एकदा सोडला. दोन हजार खाल्ले, ही कुजबुज निवृत्तीपर्यंत पाठीशी होती. स्टेशन डायरीत वेळेसकट लिही. आणि पुरवणारा सापडला तर माझ्याकडे दयेची भाषा घेऊन येऊ नकोस.

साहेब रागावतील. रागावू देत. जप्ती पुडीची, पोराची नाही, हे त्यांनाही ऐकव.

सोमवारी तो हजर होईल तेव्हा आईलाही बोलाव. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण जाऊ शकतं, हेही स्पष्ट सांग. तलफेत असेल तर तो कशालाही हो म्हणेल. चहा पाज, तासभर बसू दे, मग पुन्हा विचार.