कोई एंजलच्या जोडीची पिल्लं कोईच का निघत नाहीत?

फिशटँक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोई रंगाच्या एंजलफिशची जोडी आहे, दोघंही पांढरे-काळे-केशरी. पिल्लं मात्र तीन प्रकारची निघाली. काही कोई, काही पिवळट आणि काळा डागच नसलेली, काही बरीच काळपट. दुकानदार म्हणतो, जोडी 'शुद्ध' नाही. (सांगली)

शुद्ध कोई जोडी नावाची गोष्टच नसते, कारण कोई हा मुळात दोन वेगळ्या गुणांचा मेळ आहे. एंजलमध्ये डार्क, मार्बल, गोल्ड मार्बल, गोल्ड आणि जंगली (म्हणजे साधा चंदेरी) हे पर्याय जनुकाच्या एकाच जागेवर बसतात. एक पर्याय आईकडून येतो, एक बापाकडून. म्हणून एका माशात यांपैकी दोनच मावतात. कोईत एक गोल्ड मार्बल (पुढे त्यालाच नुसतं मार्बल म्हटलं आहे) आणि एक गोल्ड असतो. शिवाय दुसऱ्या एका जागेवर 'स्ट्राइपलेस' दोन्हीकडून आलेला असतो. त्यामुळे पट्टे जातात, पिल्लांची कल्ल्यांची झाकणं पारदर्शक राहतात आणि गाल लालसर दिसतात. ब्लशिंग हे नाव त्यावरूनच पडलं.

आता तुमची जोडी मांडून बघा. दोघंही मार्बल/गोल्ड. पिल्लांत पाव हिस्सा मार्बल/मार्बल, निम्मी मार्बल/गोल्ड, पाव हिस्सा गोल्ड/गोल्ड. निम्मी तेवढी कोई. काळपट दिसतात ती ब्लशिंग मार्बल आणि पिवळट ती गोल्ड ब्लशिंग. बाजारात यांनाच बऱ्याचदा सनसेट म्हणतात. जोडीत काही खोट नाही, हिशेब बरोबर आला आहे.

ही नको असलेली पिल्लं स्वस्तात विकून टाकू नका. ब्लशिंग मार्बल आणि गोल्ड ब्लशिंग यांची जोडी लावली की प्रत्येक पिल्लू कोई निघतं, कारण एका बाजूने मार्बलच येतो आणि दुसऱ्या बाजूने गोल्डच. दोन्ही प्रकारांची चार-चार चांगली पिल्लं राखून ठेवा. डोक्यावरचा केशरी रंग मात्र या दोन जनुकांच्या हातात नाही. तो वंशाच्या ओळीतून येतो, म्हणून पिल्लं राखताना केशरी गडद असलेल्या विणीतलीच राखा. खाण्यात कोळंबी, ॲस्टाझँथिन (केशरी-लाल रंगद्रव्य) असलेलं दाणेदार खाद्य असेल तर तो खुलतो. गर्दीच्या टाकीत, सतत घाबरलेल्या माशात फिका पडतो.

कोईला साध्या चंदेरी एंजलशी जोडलंत तर पहिल्या पिढीत एकही कोई दिसणार नाही. निम्मी मार्बल, निम्मी 'घोस्ट', म्हणजे पट्टे बहुतांशी गेलेली.

प्रश्न : ब्लॅक लेस एंजलच्या जोडीतून काळीकुट्ट पिल्लं मिळतात, पण महिन्याभरात बहुतेक मरतात. बाकीची धडधाकट असतात. पाणी एकच, खाणं एकच. (ठाणे)

पाण्याचा दोष नाही. ब्लॅक लेस म्हणजे डार्क/जंगली. दोघांच्या संगमातून पाव हिस्सा डार्क/डार्क निघतात आणि हे दुहेरी डार्क पिल्लू नाजूक असतं. सावकाश वाढतं, धिटाईने खात नाही, भावंडं पुढे निघून जातात. त्यांना जगवायचंच असेल तर पोहायला लागल्यापासून आठवडाभरातच वेगळ्या टाकीत काढा आणि ताजं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं) दिवसातून चार वेळा द्या. पण आमचा सल्ला वेगळा आहे. काळा रंग एकाच माशातल्या डार्क/गोल्ड या मेळातूनही मिळतो. यालाच हायब्रिड ब्लॅक म्हणतात आणि तो तितकाच काळा पण बराच दणकट असतो. एकदा असा मासा हाती आला की त्याला गोल्डशी जोडा: निम्मी पिल्लं काळी, निम्मी सोनेरी, दुहेरी डार्क एकही नाही. दोन हायब्रिड ब्लॅक एकमेकांशी जोडले की मात्र पाव हिस्सा पुन्हा तीच दुबळी पिल्लं.

प्रश्न : चंदेरी एंजलमध्ये निळा गुण लपला आहे का, हे किती पिल्लांवरून ठरवावं? गोल्ड आणि ब्लू यांतून प्लॅटिनम काढायचं आहे. (नाशिक)

हा निळा गुण, म्हणजे फिलिपाइन ब्लू, अप्रभावी आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो. संशयित चंदेरी मासा खऱ्या निळ्याशी जोडा. गुण लपलेला असेल तर निम्मी पिल्लं निळी येतात. सलग 5 पिल्लं चंदेरी निघाली तरी गुण लपलेला नसल्याची सुमारे 97 टक्के खात्री होते. आम्ही 12 वाढवायला सांगतो, कारण लहान वयात निळं आणि चंदेरी वेगळं काढताना चूक होते. रुपयाच्या नाण्याएवढी होईपर्यंत निकाल देऊ नका.

प्लॅटिनम म्हणजे निळाही दुहेरी आणि गोल्डही दुहेरी. निळा आणि गोल्ड जोडलात की पहिली पिढी सगळी चंदेरी. इथेच बरेच जण हात टेकतात आणि पिल्लं विकून टाकतात! याच भावंडांची जोडी लावली की 16 मध्ये 9 चंदेरी, 3 निळी, 3 सोनेरी आणि 1 प्लॅटिनम असं सरासरी प्रमाण येतं. एक तरी प्लॅटिनम दिसण्याची 95 टक्के खात्री हवी तर निदान 47 पिल्लं वाढवावी लागतील. पुढच्या फेरीत तोच प्लॅटिनम पहिल्या पिढीतल्या चंदेरीशी जोडा, मग चारांत एक मिळेल.

प्रमाण बिघडतं ते बहुधा मोजणीत. दोन विणी एका टाकीत मिसळतात, किंवा दुबळ्या रंगाची पिल्लं आधी मरतात, किंवा मोठी दिसणारी आधीच विकली जातात. अंडी ज्या पाटीवर घातली असतील त्या पाटीसकट काढा. 27-28 अंशांना, हलक्या एअर पंपाच्या बुडबुड्यांत, पाणी फिकट निळं होईल एवढं मिथिलिन ब्लू (बुरशी रोखणारं औषध) घालून ठेवा. साधारण अडीच दिवसांत फुटतात आणि पुढे पाचेक दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. तोवर खायला काही घालू नका. सगळीच अंडी पांढरी पडली तर आधी दोन्ही मासे माद्या तर नाहीत ना, ते बघा. अंडी घालताना दिसणारी नळी मादीची रुंद व बोथट असते, नराची बारीक व टोकदार.

प्रश्न : दुकानात एकाच माशाला तीन नावं सांगतात. नोंद कोणत्या नावाने ठेवावी? (पुणे)

दुकानाच्या नावावर वही चालवू नका. रंगप्रकारांना प्राणिशास्त्राच्या नामकरण नियमांत जागाच नाही, त्यामुळे कुणीही काहीही म्हणू शकतो. वहीत जनुकं लिहा: डार्क/गोल्ड, मार्बल/जंगली. दुसरी बाजू ठाऊक नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज नको. 'पेरूव्हियन अल्टम' हे फसवं नाव तर विशेष. खरा अल्टम ओरिनोको नदीकडचा; पेरूचा म्हणून विकला जातो तो स्कॅलेरच, म्हणजे नेहमीचाच एंजल, फक्त देखणा.

आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड कुळातल्या माशांचं मात्र उलट आहे. तिथे एकाच जातीचे रंग किनाऱ्यागणिक बदलतात, म्हणून ठिकाणाचं नाव हीच खरी ओळख: 'ऑलोनोकारा स्टुअर्टग्रांटी (जात), एन्गारा (ठिकाण)'. अशी दोन ठिकाणं एका टाकीत ठेवू नका. नर ओळखू येतात, पण माद्या सगळ्या सारख्याच करड्या-तपकिरी. एकदा मिसळल्या की वेगळ्या करता येत नाहीत.

प्रश्न : मलावीच्या ओबी, म्हणजे केशरी-डागाळ माशांत नरच मिळत नाही. (कोल्हापूर)

ओबीचं जनुक मादी ठरवणाऱ्या भागाशी जोडलेलं असतं, म्हणून ओबी बहुतेक माद्याच. क्वचित नर निघतो, त्याला शौकीन मार्मालेड कॅट म्हणतात. ओबी पीकॉकचे (पीकॉक म्हणजे ऑलोनोकारा) भरपूर नर मिळतात ते संकरामुळे. त्यांना सरोवरातलं ठिकाणाचं नाव लावू नका.

प्रश्न : निळे-जांभळे ब्लड पॅरट मासे घेतले, त्यांची पिल्लं निळी होतील का? (पणजी)

नाही. तो रंग टोचलेला किंवा रंगवलेला असतो, काही महिन्यांत उतरतो. ब्लड पॅरट स्वतःच संकर आहे आणि त्याचे बरेचसे नर वांझ असतात, त्यामुळे अंडी घातली तरी बहुधा पांढरीच पडतील.