‘कट्यार’ : पडद्यावरची आणि रंगमंचावरची

प्रश्न : ‘कट्यार काळजात घुसली’ मी आधी सिनेमात पाहिलं, तेही कितीदा तरी. मागच्या हिवाळ्यात परभणीत नाटकाचा प्रयोग लागला म्हणून सासऱ्यांना घेऊन गेले. मला काही रंगलं नाही. खाँसाहेब आणि पंडितजी या दोन गवयांच्या चुरशीची ही गोष्ट, पण नाटकात पंडितजींचं काम एवढुसं, ‘सूर निरागस हो’ हे गाणं नाहीच, वर माइक शिट्ट्या मारतोय. सासरे मात्र डोळे पुसत होते आणि घर येईपर्यंत सिनेमाला नावं ठेवत होते. काका, माझा कान कच्चा आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : कान चांगला आहे ताई, तुम्ही सिनेमा शोधायला नाटकाला गेलात. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी लिहिलेलं 1967 चं संगीत नाटक खाँसाहेबांचं. 2015 च्या सिनेमानं पंडितजींना मोठं केलं, तिथं शंकर महादेवनना बसवलं. ‘सूर निरागस हो’ हे शंकर-एहसान-लॉय यांनी सिनेमासाठी केलेलं. नाटकाचं संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, त्यात ते कुठून येणार? खाँसाहेब मात्र सिनेमात जरा जास्तच काळे रंगवलेत. नाटकात त्यांचा राग येतो, अन् ते गायला लागले की आपला राग आपल्यालाच धरवत नाही. ही गंमत पडद्यावर पातळ झाली.

आता सासऱ्यांचं. सिनेमात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा, गळा राहुल देशपांडेंचा. हेच राहुल त्याआधी मंचावर खाँसाहेबांची भूमिका, जी मूळ नाटकात त्यांचे आजोबा वसंतराव देशपांडे करायचे, स्वतः गाऊन करत होते. तिथं उसना गळा चालत नाही.

मी अंबाजोगाईकडं हौशी नाटकांना ऑर्गन वाजवायचो. गद्य संपत आलं की नट शेवटचा शब्द किंचित लांबवतो, सुराकडं झुकवतो. आपण तोवर पायानं भाता भरून, बोट पट्टीवर ठेवून तयार. गळा बसलेला असेल तर तो तान आखडती घेतो. तबलजी ते ओळखून मुखड्याला, म्हणजे पदाच्या पहिल्या ओळीला, हात देतो. समोर बसलेल्याला पत्ताही लागत नाही. ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद दुसऱ्यांदा वेगळ्याच वाटेनं जातं. सिनेमातलं ‘घेई छंद मकरंद’ केव्हाही लावा, गळ्याची प्रत्येक हरकत जिथल्या तिथं. त्याचंही सुख आहे, गाडीत मीही तेच लावतो.

पुढच्या खेपेला तबल्याच्या बाजूची पुढची खुर्ची धरा, माइकच्या कर्ण्यापासून लांब. आणि सासऱ्यांना एकदा ‘दिल की तपिश’ ऐकवा. सिनेमातलं आहे हे मात्र गाणं संपल्यावरच सांगा.