घरसभेत माझी पाळी आली की शब्दच सापडत नाहीत

प्रश्न : मावशी, सलाम. मी परतूर तालुक्यातल्या एका गावात राहते. दर बुधवारी आमच्याकडे घरसभा असते आणि प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करायची असते. माझी पाळी आली की 'हे स्वर्गीय पित्या'च्या पुढं जीभच वळत नाही. एकटी बसले तरी पाच मिनिटांत डोक्यात सोयाबीनचे पैसे आणि पोराची फी. सासूबाई म्हणतात, तुझा विश्वासच कमी. देवापर्यंत पोचेल अशी प्रार्थना कशी शिकावी?

उत्तर : सलाम, बाळा. शिष्यांनीसुद्धा प्रभूकडे हेच मागितलं होतं, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा म्हणून. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय उघडून बघ. स्तोत्रं ऐकत वाढलेली ती माणसं, येशूबरोबर एका पंगतीला जेवणारी. तरी त्यांना शिकावंसं वाटलं.

आणि प्रभूनं शिकवलेली प्रार्थना किती लहान! मत्तयाच्या 6 व्या अध्यायात मोजून पाच वचनं, 9 ते 13. लूकमध्ये त्याहून कमी. तिच्या मधोमध काय आहे? रोजची भाकर. तुझे सोयाबीनचे पैसे म्हणजे तीच भाकर गं. मन भरकटतं असं तू लिहितेस. मी म्हणते, ते जिथं जातं तिथूनच सुरुवात कर. 'बापा, आडत्यानं अजून पैसे दिले नाहीत, पंधरा तारखेला फी भरायचीय, मला रात्री झोप नाही.' एवढं बोलून आमेन म्हण. प्रार्थना झाली.

माझी आई बदनापूरकडं लोकांच्या रानात कापूस वेचायची. अक्षर येत नव्हतं. एका ओळीला एक माणूस, अशी तिची रीत. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच माणसासाठी मागायचं. पहिली ओळ कायम माझ्या धाकट्या मामाची, त्याच्या दारूपायी. मागं मागं वेचताना मला ऐकू यायचं, 'देवा, त्येला आज तरी नीट घरी येऊ दे.' पुढं जालन्यात 31 वर्षं नर्सची नोकरी केली, तेव्हा रात्रपाळीला मी तेच केलं. सलाइनचे थेंब मोजायचे आणि त्या खाटेवरच्या माणसाचं नाव घ्यायचं.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत प्रार्थनेची एक निराळीच मराठी तयार झालीय, आणि मला ती सलते. घरात कोणी तसं बोलत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्ताची गाणी लिहिली ती अभंग-ओव्यांत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. मग तू तुझी परतूरची बोली दाराबाहेर का ठेवायची? बुधवारी एकच वाक्य बोल आणि थांब. तेही जमलं नाही तर जुन्या करारातल्या हन्नाची आठवण कर. मंदिरात तिचे नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यालीय. देवानं मात्र ऐकलं.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. तुझ्या वयाच्या असताना त्या देवाकडे काय मागत होत्या, ते त्यांना एकदा निवांत विचार.

आता 'पोचेल अशी' या शब्दाबद्दल. माझे यजमान दोन वर्षं किडनीच्या आजारानं अंथरुणावर होते. मी त्यांच्या बरं होण्यासाठी रोज मागितलं. ते गेले. नंतर कित्येक महिने माझ्याच्यानं प्रार्थना होईना. एक 13 वं स्तोत्र तेवढं वाचता यायचं. सहाच वचनं, आणि सुरुवातच 'किती काळ?' अशी तक्रारीनं. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं तीनदा तेच मागणं केलं, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून, तरी तो टळला नाही. त्याची प्रार्थना बापापर्यंत पोचली नव्हती, असं मी कधीच म्हणणार नाही. माझीही पोचली होती, हे मानायला मला वेळ लागला.

पत्रात पोराचं नाव लिहायचं राहिलंय. पुढच्या वेळी नक्की लिही. सकाळी साडेपाचला चहा उतरवला की मी बसते, तेव्हा पहिली ओळ त्याची.