खेळ जरूर घ्या, पण सेटचं पाकीट आधी दाखवा

ताई, निपाणीत जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला शिकवताना मोबाईलवरच्या खेळांनी क्लिनिकल स्किल्स येतात का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात सोळा वर्षं सिस्टर ट्यूटर आहे. खेळ जरूर घ्या, पण आपण त्यात काय वगळलंय ते आधी बघा.

माझीच चूक सांगते. ड्रिपचा खेळ केला होता: ५०० मिली सलाइन, ४ तासांत, मिनिटाला किती थेंब? उत्तर ४२. मुलींना ते तोंडपाठ झालं. मग एकीने वॉर्डात घड्याळ धरून बरोब्बर ४२ थेंब लावले. दोन तासांनी इन्चार्ज सिस्टरांनी बघितलं, तर जेमतेम ८५ मिली गेलेलं. सेट, म्हणजे सलाइनची थेंब मोजायची नळी, मायक्रो होता, मिलीला ६० थेंबांचा. म्हणजे १२५ थेंब हवे होते. ४२ ने बाटलीला १२ तास लागले असते. पेशंटला त्रास झाला नाही, पण पोर दिवसभर रडत होती. चूक तिची नव्हतीच. माझ्या खेळातला सेट कायम २० थेंबांचा, पाकीट वाचायची सवय मीच लावली नव्हती. आता पहिल्या पडद्यावर पाकिटाचा फोटो असतो. मिलीला किती थेंब, हे बरोबर लिहिल्याशिवाय गणित उघडतच नाही.

काहूट या प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. औषधाच्या गणिताला ती घाई नको. सीपीआरची (हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची) मिनिटाला १०० ते १२० ची लय मोबाईलवर छान बसते, पण छाती किमान ५ सेंटिमीटर दाबणं मॅनिकिनवरच (सरावाच्या पुतळ्यावर) शिकवा.

आणि भाषा! हे खेळ इंग्रजीत, पेशंट मात्र आपले. खानापूरची आजी म्हणते, "डोळ्यांपुढं अंधारी येतीया," गोकाकचे आजोबा कानडीत म्हणतात, "चक्कर बराकत्तैती," म्हणजे चक्कर येतेय. मुलींकडूनच अशी वाक्यं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून घेते आणि विचारते, आधी काय कराल? बऱ्याच जणी थेट बीपीचं मशीन आणायला पळतात. आधी पेशंटला आडवं करायचं, हे खेळात दोनदा चुकलं की पक्कं होतं. चुकीचं उत्तर आलं की मी खेळ थांबवून "का?" विचारते. शिकणं खरं तिथंच होतं.

दोघींत एक मोबाईल पुरतो. जांबोटीकडच्या मुलींना घरी रेंज मिळत नाही, म्हणून त्यांना तेच प्रश्न कार्डांवर देते. वॉर्डात मात्र मोबाईल नाही, आणि पेशंटचा फोटो कधीच नाही. पाकिटांचे फोटो तुमच्याच स्टोअरमधले काढा. मुलींच्या हातात तेच सेट पडणार आहेत.