मोगलाई, मंगोल आणि आपला 'नोकर'

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'मोगल' म्हणजे 'मंगोल'च का? आणि तसं असेल, तर 'इथं काय मोगलाई लागून गेली आहे?' यातली मोगलाई चंगेज खानाच्या अंदाधुंदीवरून आली का?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं साफ नाही. 'मंगोल'चं फारसीत 'मुगुल' झालं, मधला अनुनासिक गळाला आणि तेच आपल्याकडे 'मोगल' होऊन आलं. शब्द एकच, माणसं वेगळी. बाबर बापाकडून तैमूरच्या वंशातला. त्याची आई कुतलुग निगार खानुम ही चंगेजचा दुसरा मुलगा चगताई याच्या वंशातली. तरी 'मोगल' हे नाव बाबराला नकोसं होतं; मोगल शिपायांच्या फितुरीवर आणि लुटारूपणावर त्यानं आपल्या आठवणींत कडवटपणे लिहिलं आहे. हे घराणं स्वतःला 'गुरकानी' म्हणवायचं, आणि त्याचं मूळ मंगोल 'कुरेगेन', म्हणजे जावई. तैमूर चंगेजच्या रक्ताचा नसल्यामुळे त्याला 'खान' होता येईना. मग चंगेजच्या कुळातली सराय मुल्क खानुम त्यानं बायको केली आणि जावई हेच बिरूद लावलं.

'मोगलाई' मात्र पक्की दख्खनची. निजामुल्मुल्क हा दिल्लीच्या बादशहाचा दख्खनचा सुभेदार, १७२४ पासून जवळजवळ स्वतंत्र. पेशवाईतल्या पत्रांत 'मोगल' म्हणजे बहुधा हा निजामच, आणि त्याचा मुलूख ती मोगलाई. पुढेही, संस्थान १९४८ मध्ये संपेपर्यंत, पुण्या-नगरकडची माणसं मराठवाड्याला मोगलाईच म्हणत. मनमानी कारभार हा अर्थ या शेजारातून आला. चंगेजचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता जे ऐकून डोकं उठतं ते. एक, नावात 'खान' दिसला म्हणून चंगेजला मुसलमान ठरवणं. 'खान' ही गवताळ प्रदेशातल्या राजांची पदवी आहे, इस्लामच्याही आधीची. चंगेज तेंग्रीला, निळ्या आभाळाला मानणारा होता. दोन, 'मंगोल टोळ्या'. १२०६ साली ओनोन नदीच्या उगमापाशी भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या सभेत, तेमुजिन चंगेज खान झाला, तेव्हा त्यानं जुन्या टोळ्या मोडून दहा, शंभर, हजार, दहा हजार अशी फौज बांधली आणि हजारी सरदार नेमले ९५. याला टोळी म्हणणाऱ्यांना शिस्तीची फौज कशी दिसते ते त्यांनीच सांगावं. या फौजेनं १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद घेतलं, १२२१ मध्ये मर्व आणि नेशापूरमध्ये भयंकर कत्तली केल्या, १२५८ मध्ये चंगेजचा नातू हुलागू यानं बगदाद बुडवलं. हे सगळं खरं आहे. पण ते हुकुमानं आणि हिशेबानं झालं, अंदाधुंदीनं नव्हे. म्हणूनच त्याची धास्ती इतकी बसली की शहरं दारं उघडून शरण येऊ लागली.

पण मंगोलांची खरी खूण शोधायची तर शिव्यांत कशाला शोधता? ती रोजच्या बोलण्यात आहे. 'बहादूर' घ्या. चंगेजच्या बापाचं नाव येसुगेई बाआतुर, आणि मंगोलियाची राजधानी उलानबातर म्हणजे 'लाल वीर'. 'दरोगा' घ्या. मूळ 'दारुगा', 'दारु-' म्हणजे दाबणे. शिक्का दाबणारा अधिकारी. 'उर्दू' म्हणजे छावणी हे आता शाळेतली मुलंही सांगतात, ते सोडून देऊ. या सगळ्यांवर ताण करणारा शब्द आहे 'नोकर'.

आपल्या कोशांत 'नोकर'पुढे 'फा.' लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे. हा आळस आहे. फारसी हे त्या शब्दाचं मधलं ठाणं, माहेर नव्हे. 'न' आणि 'कर' अशी फोड करून संस्कृत व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना तर उत्तर द्यायचीही गरज नाही. मूळ शब्द मंगोल 'नोकोर'. त्याचा अर्थ सोबती, साथीदार, जिवाला जीव देणारा.

तेराव्या शतकातल्या 'मंगोलांच्या गुप्त इतिहासा'त हा शब्द जागोजाग आहे. तेमुजिन पोरवयाचा असताना चोरांनी त्याचे आठ घोडे पळवले. माग काढत जाताना त्याला बोओर्चू नावाचा मुलगा घोड्यांचं दूध काढताना भेटला. सगळं ऐकल्यावर त्यानं दुधाची भांडी गवतात झाकून ठेवली, बापालाही न सांगता घोड्यावर मांड टाकली आणि म्हणाला, मी तुझा नोकोर होतो. दोघांनी घोडे परत आणले. तेमुजिन वाटा देऊ लागला तर बोओर्चूनं घेतला नाही. मदतीला आलो, लूट घ्यायला नव्हे, असं त्याचं म्हणणं. नोकोर म्हणजे हा. आपलं कूळ सोडून, स्वतःच्या मर्जीनं, एका माणसाशी बांधला गेलेला स्वतंत्र माणूस.

ज्या जमुखाशी तेमुजिनचं हाडवैर झालं, त्याला शेवटी त्याच्याच नोकोरांनी धरून आणून दिलं. तेमुजिननं बक्षीस दिलं नाही. धन्यावर हात टाकणाऱ्यांना जिवंत ठेवायचं कसं, असं म्हणून त्यांना ठार केलं. या नात्याला केवढी किंमत होती ते यात दिसतं. मंगोल साम्राज्य उभं राहिलं ते याच नात्यावर असं माझं ठाम मत आहे. घोडा आणि धनुष्य तर गवताळ प्रदेशात सगळ्यांकडेच होतं. कुळाऐवजी नोकोर निवडायची रीत चंगेजनं राज्यभर लावली, आणि ९५ हजाऱ्यांत जुने नोकोर पुढे आले.

मग साथीदाराचा गडी कसा झाला? त्याचंही बीज त्याच ग्रंथात आहे. बुर्खान खाल्दून डोंगराकडून एक म्हातारा लोहार पाठीवर भाता घेऊन आला आणि आपला मुलगा जेल्मे तेमुजिनच्या हवाली करून म्हणाला, याला खोगीर चढवायला लाव, दार उघडायला लाव. हे शब्द घरगड्याचे आहेत, पण जेल्मे थोर सेनानी झाला. तेमुजिनच्या मानेला जखम झाली तेव्हा रात्रभर तोंडानं रक्त ओढून टाकणारा हाच. त्याचा धाकटा भाऊ सुबुताई १२४१ मध्ये हंगेरीपर्यंत फौज घेऊन गेला. हुलागूच्या वंशजांच्या इराणात हा शब्द फारसीत शिरला: आधी अमिराचा हत्यारबंद माणूस, मग हुजऱ्या, मग निव्वळ घरकाम करणारा. मंगोलियात मात्र तो चढत गेला. तिथं आज 'नोखोर' म्हणजे नवरा, आणि साम्यवादी राजवटीत 'कॉम्रेड'साठी हाच शब्द होता.

आता 'नोकर-चाकर' या जोडीकडे बघा. 'चाकर'ही असाच घसरलेला आहे, फक्त काही शतकं आधी. समरकंद-बुखाऱ्याच्या सोग्दी राजांचे निवडक अंगरक्षक शिपाई ते चाकर. ह्युएन त्संग सातव्या शतकात समरकंदवरून गेला तेव्हा त्यानं यांच्याबद्दल लिहिलं की हे मरणाला घरी परतण्यासारखं मानतात. (हाच प्रवासी पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि इथल्या लढवय्यांवरही लिहून गेला.) आपल्या जुन्या कागदांतही 'चाकरी' म्हणजे घोडा आणि स्वार घेऊन मोहिमेला हजर राहणं; सरदार ती अभिमानानं करत. जोडशब्दातला दुसरा शब्द नुसता यमकासाठी येतो असं सांगणारे व्याकरणकार 'भाकरीबिकरी'पुरते बरोबर आहेत. 'नोकर-चाकर'ला तो नियम लावू नये, कारण इथं दोन्ही शब्द सबळ आहेत, दोघांचं मूळ मध्य आशियातल्या धन्याच्या शिपायांत आहे आणि दोघांची घसरणही सारखीच झाली आहे. नव्या कोशात 'नोकर'पुढे 'मं. > फा.' हवं, आणि 'चाकर'पुढे सोग्दी अंगरक्षकांची नोंद.